फिगर ओरिजिनल की बूटलेग? पैसे देण्याआधी आणि बॉक्स उघडल्यावर काय तपासावं

माझ्या कपाटात मागच्या रांगेत एक फिगर आहे, म्हणजे अ‍ॅनिमेतल्या पात्राची प्लास्टिकची मूर्ती. मोठं डोकं, बुटकं अंग, उंची साधारण दहा सेंटिमीटर. ती आली त्या दिवशी स्टँडची काडी तिच्या पाठीतल्या भोकात जाईना. भोक अरुंद राहिलं असेल म्हणून मी बारीक कानस घेऊन दहा मिनिटं घासत बसलो. काडी गेली, पण मान पुढे लवंडायला लागली. मानेच्या खुंटीला टेपचा तुकडा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात चेहरा नीट बघितला, तर डाव्या डोळ्याचा रंग पापणीच्या रेघेबाहेर आलेला. तोवर रिफंड मागायला तोंड उरलं नव्हतं, कारण फिगर मी स्वतःच्या हाताने कानशीने घासली होती.

ती बूटलेग, म्हणजे नकली आहे, हे त्या दहा मिनिटांत मला कळायला हवं होतं. चांगल्या कंपनीच्या फिगरची काडी अशी अडत नाही. नकल करणारा फोटोत दिसेल तेवढं बऱ्यापैकी जमवतो. जिथे वेळ, नीट कापलेला साचा आणि सवयीचा हात लागतो, तिथे तो पैसे वाचवतो. हत्तीसारखे नकली फिगरचेही दाखवायचे दात वेगळे असतात. खायचे दात बघायला फिगर उलटी करावी लागते. खालच्या सगळ्या तपासण्या म्हणजे हे पैसे कुठे वाचवलेत त्याचा शोध आहे.

आधी फिगरची जात ओळखा

सगळ्या फिगरना एकच मापदंड लावला की हमखास चूक होते. स्केल फिगर म्हणजे पात्राच्या एक सप्तमांश, एक अष्टमांश अशा ठरलेल्या प्रमाणात केलेली, बहुधा एकाच पोझमधली मूर्ती. आल्टर, मॅक्स फॅक्टरी, कोटोबुकिया या कंपन्यांचं नाव मुख्यतः याच प्रकारात आहे. गुड स्माइल कंपनीच्या नेंडोरॉइड २००६ पासून येतात. चेहरा, केस, हात बदलता येणाऱ्या बुटक्या फिगर त्या याच. मॅक्स फॅक्टरीची फिग्मा आणि बंडाईची एस. एच. फिगुआर्ट्स या दोन्ही मालिका २००८ मध्ये सुरू झाल्या, आणि त्यांचा सगळा जीव सांध्यांमध्ये आहे.

प्राइझ फिगर हा प्रकार वेगळा. जपानमधल्या पंजावाल्या खेळयंत्रांतून बक्षीस म्हणून मिळाव्यात यासाठीच त्या बनवतात. बानप्रेस्टो, सेगा, ताइतो, फुर्यू ही तिथली नेहमीची नावं. त्या मुळातच स्वस्त असतात, रंगकाम साधं असतं, सांधे थोडे दिसतात. नवीन संग्राहक अशी अस्सल प्राइझ फिगर हातात घेऊन ‘डुप्लिकेट मिळाली’ म्हणून रडतो, आणि त्याच आठवड्यात फसव्या स्केल फिगरवर खूश होतो. दोन्ही मी बघितलंय.

आणि एक गैरसमज लगेच बाजूला ठेवू. ‘मेड इन चायना’ लिहिलंय म्हणून फिगर नकली ठरत नाही. जपानी कंपन्यांच्या बहुतेक अस्सल फिगर चीनमध्येच तयार होतात.

पैसे देण्याआधी

पहिलं काम: फिगरचं पूर्ण नाव, बनवणारी कंपनी आणि मालिकेतला क्रमांक शोधा. नेंडोरॉइडला तो बॉक्सवर ठळक छापलेला असतो. मग कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन तीन गोष्टी वहीत किंवा फोनमध्ये टिपून घ्या: बाजारात येण्याचा महिना, उंची, आणि बॉक्समध्ये काय काय येतं.

महिन्याने बऱ्याच लबाड्या तिथल्या तिथे उघड्या पडतात. कंपनी आधी नमुन्याचे फोटो दाखवते, प्री-ऑर्डर घेते, आणि फिगर हातात यायला पुढे कित्येक महिने जातात. त्यात तारखा पुढे ढकलल्या जाणं हे रोजचंच. त्यामुळे जी फिगर अजून कारखान्यातून निघालीच नाही, ती कोणी ‘स्टॉकमध्ये आहे, आज पाठवतो’ म्हणत असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही.

सामानाच्या यादीनेही असंच होतं. कंपनीच्या पानावर तीन चेहरे आणि दोन जोड्या हात असतील आणि लिस्टिंगमध्ये एकच चेहरा दिसत असेल, तर विचारा. वापरलेल्या मालात एखादी वस्तू हरवलेली असू शकते. ‘नवीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ती का नाही, याला बरं उत्तर नसतं.

आता किंमत. ‘फारच स्वस्त म्हणजे नकली’ हे अर्धवट सत्य आहे. प्राइझ फिगर स्वस्तच असते. जुनी फिगर कंपनीने पुन्हा काढली की तिचा चढलेला भाव खाली येतो, म्हणजे कालपर्यंत दुर्मिळ असलेली फिगर आज योग्य भावात मिळू शकते. संशय घ्यायचा तो वेगळ्या जोडीवर: उत्पादन बंद होऊन काही वर्षं झालेली, सगळीकडे चढ्या भावाने जाणारी फिगर, आणि एका विक्रेत्याकडे तीच नवी कोरी, मूळ किमतीच्या निम्म्यात, हव्या तितक्या संख्येने. तिथे पाणी मुरतंय.

लिस्टिंगचे शब्दही बोलके असतात. ‘चायना व्हर्जन’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘बॉक्सशिवाय नवीन’, ‘फॅक्टरीतून उरलेला माल’ हे सगळे एकाच गोष्टीचे लाडके पर्याय आहेत. कोणत्याही कंपनीच्या फिगरचं ‘चायना व्हर्जन’ नावाचं हलकं भावंड नसतं.

फोटो कंपनीचेच उचलून लावले असतील तर त्यांच्यावरून काहीच ठरत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. विक्रेत्याकडून खरे फोटो मागा, आणि नेमके मागा: समोरून चेहरा, दोन्ही डोळे स्पष्ट दिसतील असा, स्टँडची खालची बाजू, बॉक्सच्या मागचा बारीक मजकूर, आणि यातल्या एका फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. ज्याच्याकडे माल आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम. ‘एकदम ओरिजिनल आहे, काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर मी तिथेच थांबतो. फोटो आले नाहीत म्हणून थांबलो आणि मग पस्तावलो, असं आजवर एकदाही झालेलं नाही.

आलेले फोटो कशाशी ताडून बघायचे? कंपनीच्या फोटोंशी ताडताना जरा जपून. तिथे बहुतेकदा हाताने रंगवलेला नमुना असतो, आणि कारखान्यातून निघालेली अस्सल फिगरसुद्धा त्याच्यापुढे किंचित फिकी पडते. मायफिगरकलेक्शनसारख्या संग्राहकांच्या माहितीकोशात ज्यांनी ती विकत घेतली त्यांनी घरी काढलेले फोटो असतात. ताडायला ते जास्त कामाचे. प्रसिद्ध फिगरच्या नकली आवृत्तीचे फोटोही तिथे बरेचदा सापडतात.

बॉक्स: भिंग काढा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नसेल तर फोनचा मॅक्रो कॅमेरा चालेल. बॉक्सच्या मागे पांढऱ्या जागेवर काळ्या बारीक अक्षरांत सूचना छापलेल्या असतात, तिथे बघा. चित्राकडे बघू नका. चित्र अस्सल बॉक्सवरही रंगीत ठिपक्यांचंच बनलेलं असतं.

अस्सल बॉक्सवर ही अक्षरं एकट्या काळ्या शाईने छापतात, म्हणून भिंगाखाली त्यांच्या कडा सलग दिसतात. नकल करणाऱ्याकडे छपाईची मूळ फाइल नसते. तो अख्खा बॉक्स स्कॅन करतो. स्कॅन केलं की अक्षरंही चित्रच बनतात, आणि पुन्हा छापताना त्यांच्या कडा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत फुटतात. जपानी लिपीतल्या दाट अक्षरांचा तर काळा गोळाच होतो. मोठ्या सपाट रंगाच्या भागात कधी कधी जाळीसारखी नक्षी उमटलेली दिसते. जुन्या छपाईचे ठिपके नव्या छपाईच्या ठिपक्यांशी भांडतात त्याची ती खूण. मला विचाराल तर बॉक्सच्या बाबतीत ही एक तपासणी बाकी सगळ्यांना भारी आहे. जपानी वाचता येण्याचीही गरज नाही.

बारकोडचं लोकांना फार कौतुक असतं, पण तो मर्यादित उपयोगाचा. जपानी कंपन्यांचे तेरा अंकी कोड ४५ किंवा ४९ ने सुरू होतात. हे आकडे कंपनीने नोंदणी कुठे केली ते सांगतात, माल कुठे बनला ते नाही. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. समजा कोड ४५१२३४५६७८९०६ असा आहे. शेवटचा ६ बाजूला ठेवा. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे अंक मिळवा: ४+१+३+५+७+९ = २९. सम जागांवरचे मिळवा: ५+२+४+६+८+० = २५, आणि त्याची तिप्पट ७५. बेरीज १०४. पुढचं दहाच्या पटीतलं ११० गाठायला ६ कमी, म्हणून शेवटचा अंक ६. हे जुळलं नाही तर कोड बनावट आहे. जुळलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नकल करणारा खरा कोड जसाच्या तसा उतरवू शकतो. त्यापेक्षा कोड इंटरनेटवर शोधा. भलत्याच फिगरचं नाव आलं तर विषय संपला.

स्टिकरचंही तसंच. ड्रॅगन बॉल किंवा वन पीस या अ‍ॅनिमे मालिकांच्या जपानी बॉक्सवर तोएई अ‍ॅनिमेशनचं चकचकीत परवाना स्टिकर असतं. नकली बॉक्सवर ते नसतं, किंवा चमक नसलेलं, बॉक्सवरच छापलेलं असतं. पण वेगवेगळ्या प्रदेशांत विकल्या जाणाऱ्या मालावर स्टिकर बदलतं. ते नाही एवढ्यावरून फाशी देऊ नका.

आतलं पारदर्शक प्लास्टिक हलकं, चुरचुरीत असेल आणि फिगर त्यात खुळखुळत असेल, तर ती आणखी एक नोंद. अस्सल ब्लिस्टरमध्ये, म्हणजे या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, फिगरच्या आकाराचाच खळगा असतो.

फिगर हातात घेतल्यावर

सुरुवात डोळ्यांपासून करा, कारण सगळ्यात जास्त कौशल्य तिथे लागतं. डोळे सहसा पॅड प्रिंटिंगने उमटवतात. कोरलेल्या पट्टीवरची शाई मऊ सिलिकॉनच्या गादीने उचलायची आणि चेहऱ्याच्या गोलाईवर दाबायची, प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. पापणीची रेघ, बुबुळाचा गडद रंग, फिका रंग, वरचा पांढरा ठिपका हे सगळं एकाच जागी अचूक बसावं लागतं. नकली फिगरमध्ये एखादा थर केसभर सरकतो. मग बुबुळाभोवती पांढरी फट राहते, नाहीतर रंग पापणीबाहेर येतो, आणि नजर कुठेच लागत नाही. फिगर हातभर अंतरावर धरा आणि ती तुमच्याकडे बघते का ते बघा. कुठेतरी खांद्यामागे बघतेय असं वाटलं तर भिंग घ्या.

त्यानंतर केस. टोकदार बटा काढायला साचा फार बारकाईने कापावा लागतो. नकली केसांची टोकं बोथट, जाड, मेणबत्ती वितळल्यासारखी दिसतात. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेषा अस्सल फिगरमध्येही असते, पण ती बटांच्या ओळीत दडवलेली असते. नकलेत ती डोक्याच्या मधोमध, भांग पाडल्यासारखी जाते.

त्वचा बघायला दिवसाचा तिरपा उजेड हवा. स्केल फिगरची त्वचा बहुधा मॅट असते, आणि गुडघे, कोपरे, गाल इथे एअरब्रशने हलकी गुलाबी छटा दिलेली असते. बूटलेगची त्वचा तेल चोपडल्यासारखी चकाकते, किंवा पिवळट आणि सपाट दिसते. गुडघ्यावर छटा नाही, नाहीतर थेट लाल डाग.

सांधे हलवा, पण हळू. फिग्मा आणि फिगुआर्ट्समध्ये प्रत्येक सांधा सारख्याच घट्टपणे फिरायला हवा. एक खांदा जाम आणि दुसरा लोंबतोय, असं नको. स्टँड जोडा. नेंडोरॉइडचा चेहरा काढून पुन्हा बसवा. केसांच्या पुढच्या आणि मागच्या भागात फट राहते का बघा. काही घासावं, कापावं किंवा चिकटवावं लागलं तर हात थांबवा आणि फोटो काढा. कानस ड्रॉवरमध्येच राहू द्या.

उलटी करून स्टँडच्या खाली किंवा पायाच्या तळव्यावर हक्काची ओळ शोधा: वर्तुळातला सी, हक्कधारकाचं नाव, बनवणारी कंपनी. अस्सल फिगरवर ही अक्षरं बारीक पण सुबक असतात. नकलेत ती नसतात, पुसट असतात, किंवा स्पेलिंग चुकलेलं असतं.

आता मोजपट्टी. टिपून ठेवलेली उंची इथे कामाला येते. अस्सल फिगरवरून साचा घेऊन काढलेली नकल मूळ फिगरपेक्षा किंचित लहान होते, कारण साच्यात ओतलेला माल थंड होताना आकसतो. दोनच टक्के आकसली तरी २० सेंटिमीटरच्या फिगरमध्ये ४ मिलिमीटरचा फरक पडतो. मोजताना कंपनीने उंची स्टँडसकट दिलीय की स्टँड सोडून, ते आधी बघा. एक सप्तमांश स्केल म्हणजे पात्राची उंची भागिले सात असा हिशोब लोक मांडतात, पण वाकलेल्या किंवा बसलेल्या पोझमध्ये तो कोसळतो.

वासाबद्दल दोन शब्द. फिगर ज्या पीव्हीसी प्लास्टिकच्या बनतात, त्याला नवं असताना थोडा वास येतोच. बॉक्स उघडताच डोळ्यांत जाणारा, थिनरसारखा आणि चार दिवस मोकळ्या हवेत ठेवूनही न जाणारा वास मात्र वाईट खूण. अशा प्लास्टिकमध्ये कोणते मऊकारक आणि रंगात काय मिसळलंय हे कोणीच तपासलेलं नसतं. फ्थॅलेट प्रकारच्या काही मऊकारकांवर युरोप आणि अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांत मर्यादा आहेत. नकल करणारा त्या पाळेल असं मानायला काही कारण नाही. पेटवून किंवा अ‍ॅसिटोन लावून बघायचे सल्ले मिळतात. ते करू नका. फिगर अस्सल असेल तर ती खराब होईल, नकली असेल तर परत करता येणार नाही.

लबूबू, फंको आणि रेझिन

पॉप मार्ट कंपनीच्या लबूबू या केसाळ, दातवाल्या बाहुलीची नकल इतकी झाली की तिला लफुफू असं वेगळं नावच पडलं. नेहमीच्या लबूबूला नऊ दात असतात, मोजा. चेहऱ्याचा रंग फिका, पीचसारखा. नकलेत तो भडक होतो. बॉक्सवरचा क्यूआर कोड तपासता येतो, पण स्कॅन केल्यावर उघडलेला पत्ता खरंच कंपनीचा आहे का ते अक्षर न् अक्षर वाचा. नकली कोड हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर नेतो आणि तिथे हिरवी खूण दाखवतो. घरात लहान मूल असेल तर आणखी जपा: ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नकली लबूबूंमुळे लहान मुलांचा श्वास अडकण्याचा धोका आहे, असा इशारा दिला होता.

फंको कंपनीच्या मोठ्या डोक्याच्या ‘पॉप’ फिगरमध्ये बॉक्सच्या तळाचा उत्पादन कोड आणि फिगरच्या पायावरचा किंवा मानेवरचा कोड जुळतो का ते बघतात. जुन्या फिगरवर हे कोड नेहमी सापडतीलच असं नाही.

रेझिन किट, म्हणजे घरी जोडून रंगवायच्या रेझिनच्या सुट्या तुकड्यांचा संच. त्याच्या नकलेला रीकास्ट म्हणतात. अस्सल किटवर सिलिकॉनचा साचा घेऊन केलेली ही ओतीव नकल. हवेचे बुडबुडे, बुजलेले बारकावे आणि एकमेकांत नीट न बसणारे तुकडे ही तिची लक्षणं. जपानमध्ये वंडर फेस्टिवलसारख्या मेळ्यात हौशी शिल्पकारांच्या अस्सल किटना फक्त त्या दिवसापुरता विक्रीचा परवाना मिळतो. त्यामुळे एकट्या शिल्पकाराने मोजक्याच काढलेल्या किटचे पन्नास नग कोणी विकत असेल, तर हिशोब तुम्हीच करा.

अस्सल फिगरवर उगाच आळ नको

अंग चिकट लागतंय? बंद बॉक्समध्ये राहिलेल्या अस्सल पीव्हीसीतूनही मऊकारक बाहेर येतो. साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं की बहुधा जातं. पाय वाकून फिगर कललीय? उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या भाराने अस्सलही कलते. पांढरा रंग पिवळा पडलाय? ऊन. रंगाचा एखादा ठिपका बाहेर आलाय? नामवंत कंपन्यांकडूनही होतं. एका खुणेवर निकाल देऊ नये. मी साधारण तीन असंबंधित खुणा जमल्या की नकली म्हणतो: समजा डोळे, छपाई आणि उंची. एकच सापडली तर आधी इतरांच्या फिगरचे फोटो बघतो.

नकली निघालीच तर

पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलापासून सलग व्हिडिओ काढायची सवय लावा. मध्ये कट नको. संशय आला की जोडाजोड थांबवा, खुणांचे जवळून फोटो घ्या, शेजारी कंपनीच्या पानावरची उंची आणि सामानाची यादी ठेवा, आणि रिफंडच्या अर्जात ‘खराब माल’ न लिहिता ‘नकली माल’ असं स्पष्ट लिहा. खराब माल म्हटलं की विक्रेता बदली पाठवतो, आणि दुसरी बूटलेग घरी येते. मुदतीचा दिवस कॅलेंडरवर टाका. ‘दोन दिवसांत बघतो’ म्हणत मुदत संपवणारे बरेच असतात. अर्धे पैसे घ्या आणि फिगर ठेवा अशी ऑफर आली तर ती घेण्याआधी विचार करा: त्यानंतर तक्रार बहुधा बंद होते.

पैसे बुडाले तर ती फिगर पुढे ओरिजिनल म्हणून खपवू नका. स्वस्तात देतोय, समोरच्याला कळेलच, असं म्हणत दिलेली फिगर तिसऱ्या हातात पोहोचते तेव्हा ती कुठून आली हे कोणाला माहीत नसतं. माझ्या त्या बुटकीच्या तळव्यावर मी पक्क्या मार्करने ‘नकली’ लिहून ठेवलंय. टेपचा तुकडा अजून मानेत आहे.